बेटावरचा सिनेमा बेटावरच्या माणसांना कुठे दिसतो?

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे अडखळलो, ते इथे काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी आपण अ‍ॅप, फोन, इंटरव्ह्यू असल्या गोष्टींवर बोलतो. आज सिनेमावर बोलू. पण सुरुवात एका तांत्रिक चुकीपासून करतो, कारण ती चूक माझीच होती.

मॉरिशसमधलं एक गाव. जुलै महिना, म्हणजे तिथला हिवाळा. फुटबॉलच्या मैदानावर पांढरा पडदा बांधलेला, समोर दीड-दोनशे माणसं, आणि सिनेमा सुरू होऊन चाळीसेक मिनिटं झालेली. अचानक जनरेटर बंद पडला आणि सगळीकडे मिट्ट अंधार झाला. मी टॉर्च घेऊन पळालो. पुढच्या वीस मिनिटांत त्या अंधारात जे झालं, त्यामुळे हा भाग करावासा वाटला. तिथे आपण शेवटी येऊ. आधी मी तिथे काय करत होतो, आणि बेटावरच्या लोकांना स्वतःचा सिनेमा बघायला मैदानात पडदा का बांधावा लागतो, ते सांगतो.

[०१:२०] आपल्याला माहीत असलेलं मॉरिशस

कंपनीच्या कामासाठी मी चौदा महिने मॉरिशसमध्ये होतो. तिथे एबेन नावाची सायबरसिटी आहे, आपल्या हिंजवडीचं धाकटं भावंड म्हणा. मॉरिशस म्हटलं की आपल्या डोक्यात काय येतं? निळं पाणी, हनिमून पॅकेज आणि हिंदी सिनेमातलं गाणं. १९८३ च्या 'सौतन'पासून हिंदी सिनेमावाले तिथे शूटिंगला जातायत. बेट पडद्यावर खूप वेळा आलं, पण बॅकग्राउंड म्हणून. हिरो-हिरोईन नाचतात, मागे समुद्र असतो, आणि तिथे राहणारी माणसं फ्रेमच्या बाहेर असतात.

आता ही माणसं कोण? २ नोव्हेंबर १८३४ पासून इंग्रजांनी भारतातून करारावर मजूर तिथे न्यायला सुरुवात केली, ऊसाच्या मळ्यात राबायला. पोर्ट लुईमध्ये जिथे ते उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बरेच जण बिहारकडचे होते, पण मुंबई बंदरातून आपल्या कोकणातलेही गेले. त्यांचे पणतू-खापरपणतू आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, शाळेत मराठी शिकता येतं, आणि आपल्या जाखडीची तिथे 'झाकरी' झालीये.

माझ्या ऑफिसातला एक मित्र असाच. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे. त्याला मराठी म्हणाल तर आरती आणि चार-पाच शब्द. घरात बोलतात ती भाषा क्रेओल. तिच्यातले बहुतेक शब्द फ्रेंचमधून आलेत, आणि काही आफ्रिकेतले, भारतातले, कुठकुठले आहेत. बेटावर जवळपास सगळ्यांना ती येते. पण संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, सोबत फ्रेंच चालते. शाळेत क्रेओल ऐच्छिक विषय म्हणून यायला २०१२ साल उजाडलं. म्हणजे माणूस ज्या भाषेत भांडतो, रडतो, जोक मारतो, तिला कागदावर जागा मिळायलाच इतकी वर्षं लागली. मग पडद्यावरचं विचारूच नका. मॉलमधल्या थिएटरात हॉलिवूडचे सिनेमे बहुतेक फ्रेंच डबिंगमध्ये, नाहीतर आपले हिंदी.

[०४:१०] एक साधं गणित

तुम्ही म्हणाल, मग तिथल्या लोकांनी आपले सिनेमे का नाही काढले? काढले की! अडचण पुढची आहे. आकडे घेऊन बघू.

मॉरिशसची लोकसंख्या साधारण १२.६ लाख, म्हणजे नाशिक शहरापेक्षाही कमी. समजा एखादा क्रेओल सिनेमा आला आणि देशातल्या दर शंभरातल्या एका माणसाने तिकीट काढलं. झाली १२,६०० तिकिटं. आता मराठीचं बघा. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी. त्याचा एक टक्का म्हणजे ८.३ लाख तिकिटं. जवळपास ६६ पट! आणि तरीही आपल्याकडे 'मराठी सिनेमाला शो मिळत नाहीत' अशी ओरड असतेच ना? मग तिथल्या दिग्दर्शकाचं काय होत असेल विचार करा.

कॅमेरा, लाईट, साऊंड, जेवण यांचा खर्च लोकसंख्येप्रमाणे कमी होत नाही. त्यामुळे पैसा बाहेरून आणावा लागतो. फ्रान्समधला सहनिर्माता, एखादा निधी, सरकारी योजना. मॉरिशस सरकारने २०१३ मध्ये शूटिंगच्या खर्चातला ३० टक्के भाग परत द्यायची योजना आणली. त्याचा फायदा बाहेरून येणाऱ्या मोठ्या युनिट्सना होतो, कारण आधी खर्च करायला खिशात पैसे लागतात. मग होतं असं, की सिनेमा बेटावर बनतो, बेटाच्या भाषेत बनतो, आणि पहिल्यांदा दिसतो दुसऱ्याच खंडातल्या एखाद्या फेस्टिव्हलमध्ये. ज्यांच्यावर तो आहे त्यांना तो दिसेलच याची खात्री नाही.

हे फक्त मॉरिशसचं नाही. फिजीचे विल्सोनी हेरेनिको यांनी रोटुमा बेटावरच्या मुलीची गोष्ट सांगणारा 'द लँड हॅज आईज' केला, तो २००४ मध्ये अमेरिकेत सनडान्सला दाखवला गेला. सामोअन भाषेतला पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा म्हणजे तुसी तामासेसे यांचा 'द ओरेटर', २०११. तो पोचला व्हेनिसला. कौतुकाच्याच गोष्टी आहेत या. पण व्हेनिस आणि सामोआ यांच्यामधलं अंतर जरा नकाशावर बघा.

[०६:३०] मग उपाय काय? पडदाच उचलून न्यायचा

यावरचा उपाय जुना आहे आणि आपल्या ओळखीचा आहे. आपल्या आजोबांनी जत्रेत तंबूतला सिनेमा बघितलेला असतो. थिएटर गावात येत नाही, तर सिनेमा गाडीवर घालून गावात न्यायचा.

बेटांच्या बाबतीत याचं सगळ्यात मोठं उदाहरण क्युबाचं. १९५९ मध्ये तिथे सरकारी चित्रपटसंस्था स्थापन झाली. त्यानंतर ट्रकवर प्रोजेक्टर आणि जनरेटर चढवून डोंगरातल्या गावांत सिनेमे नेले गेले. ओक्ताव्हियो कोर्ताझार यांनी १९६७ मध्ये यावर 'पोर प्रिमेरा वेस' नावाची दहाएक मिनिटांची डॉक्युमेंटरी केली. नावाचा अर्थ 'पहिल्यांदाच'. एका डोंगरी गावातले लोक आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा बघतात, चार्ली चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'. कॅमेरा पडद्याकडे कमी आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे जास्त बघतो. नक्की बघा.

मॉरिशसमध्ये २००७ पासून 'ईल कूर' नावाचा शॉर्टफिल्म महोत्सव होतो. नावात शब्दखेळ आहे. फ्रेंचमध्ये 'बेट' आणि 'लघुपट' असा अर्थ होतो, आणि नुसतं ऐकलं तर 'तो धावतो' असं ऐकू येतं. तो भरवणाऱ्या संस्थेचं नाव 'पोर्तर दिमाज', म्हणजे चित्रं वाहून नेणारे. पालखीचे भोई असतात तसे चित्रांचे भोई! ते गावागावांत उघड्यावर सिनेमे दाखवतात आणि नव्या मुलांसाठी कार्यशाळा घेतात. यामागच्या लोकांपैकी एक म्हणजे दिग्दर्शक डेव्हिड कॉन्स्टंटिन.

त्यांचाच २०१४ चा क्रेओल सिनेमा म्हणजे 'लोंब्राझ कान'. अर्थ, ऊसाची सावली. साखर कारखाना बंद पडतो, मळ्याच्या जमिनीवर श्रीमंतांसाठी बंगले उभे राहायला लागतात, आणि ज्यांनी आयुष्य तिथे घालवलं त्या माणसांचं पुढे काय, अशी गोष्ट.

माझ्या मित्राच्या गावातल्या चार-पाच पोरांनी ठरवलं, की आपणही दर महिन्याला एक बेटावरचा सिनेमा गावात दाखवायचा. फुकट. परवानगी, जागा, चहा सगळं त्यांनी बघितलं. मी इंजिनीअर, म्हणून तांत्रिक बाजू माझ्या गळ्यात. आणि दुसऱ्याच महिन्याचा सिनेमा निवडला 'लोंब्राझ कान'.

[०९:००] एका प्रयोगामागचं तंत्र

आता माझ्या आवडीचा भाग. तुम्हालाही गावात, सोसायटीत हे करायचं असेल तर चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, परवानगी. तुमच्याकडे ओटीटीचं सबस्क्रिप्शन आहे म्हणून सिनेमा चौकात लावता येत नाही. ते घरच्या वापरापुरतं असतं. चारचौघांत दाखवायला निर्मात्याकडून किंवा वितरकाकडून वेगळा हक्क घ्यावा लागतो. छोट्या निर्मात्यांना साधा ईमेल करा. 'आम्ही अमुक गावात, अमुक तारखेला, तिकीट न लावता दाखवणार आहोत.' बऱ्याचदा उत्तर येतं, आणि रक्कम परवडणारी असते.

दुसरी, प्रकाश. इथे सगळे एकच चूक करतात, मोठ्ठा पडदा लावतात. आमचा प्रोजेक्टर ३,००० ल्युमेनचा. हा प्रकाश ठरलेला असतो, तो जितका पसरवाल तितका पातळ होतो. पडदा ४ मीटर रुंद घेतला तर क्षेत्रफळ होतं ९ चौरस मीटर, म्हणजे पडद्यावर साधारण ३३३ लक्स. तोच ६ मीटर रुंद घेतला तर क्षेत्रफळ २० चौरस मीटरवर जातं आणि उजेड दीडशे लक्सच्या खाली येतो. शेजारच्या रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड पडद्यावर पडतो समजा १० लक्स. सिनेमातला काळा रंग त्या १० लक्सपेक्षा काळा होऊच शकत नाही. छोट्या पडद्यावर पांढरं आणि काळं यांच्यात ३३ पटींचा फरक राहतो, मोठ्यावर फक्त १५ पटींचा. रात्रीचा सीन असेल तर मोठ्या पडद्यावर नुसती राखाडी खिचडी दिसते. चंद्राची काळजी करू नका, पौर्णिमेलाही त्याचा उजेड अर्ध्या लक्सपेक्षा कमी असतो. काळजी करा ती खांबावरच्या दिव्याची.

तिसरी, वारा. मॉरिशसला हिवाळ्यात आग्नेयेकडून जोरदार वारे येतात. पडदा म्हणजे शेवटी शीडच. पहिल्या महिन्यात आमचा पडदा बांबूसकट आडवा झाला होता. दुसऱ्या वेळी वाऱ्याकडे पाठ करून शाळेच्या भिंतीच्या आडोशाला बांधला, खालची कड मोकळी सोडली आणि तिला वाळूच्या पिशव्या अडकवल्या. हे मला कुठल्या व्हिडिओने शिकवलं नाही. गावातल्या एका मासेमाराने शिकवलं.

चौथी, वीज. मैदानात वीज नव्हती, म्हणून भाड्याचा २ केव्हीएचा जनरेटर आणला. प्रोजेक्टर, स्पीकर, लॅपटॉप सगळं मिळून ८०० वॉटच्या आत. मी खूष. भरपूर शिल्लक!

आणि इथेच माझी चूक झाली. मी लोड मोजला, पण मोकळे राहिलेले सॉकेट झाकले नाहीत.

[११:४०] त्या रात्री

तिथे जुलैत पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेसहाला सिनेमा सुरू. लोक घरून खुर्च्या, चटया घेऊन आलेले. कागदाच्या पुड्यांत गातो पिमां, म्हणजे त्यांचे डाळवडे. मित्राची आजी पुढच्या रांगेत शाल गुंडाळून बसलेली.

मला सुरुवातीला धाकधूक होती. कारण या गावाजवळचा कारखानासुद्धा बंद पडलेला. मॉरिशसची साखर वर्षानुवर्षं युरोपात ठरलेल्या चढ्या भावाने जायची. २००६ मध्ये युरोपीय संघाने साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं, आणि २००९ मध्ये तो जुना करारही संपला. त्याच्या आगेमागे बेटावरचे कारखाने एकेक करून बंद झाले. आता बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत. आम्हा पोरांमध्ये यावरून वाद झाला होता. एकजण म्हणाला, "लोक दिवसभर दमून येणार आणि आपण त्यांना त्यांचंच दुखणं दाखवायचं? कॉमेडी लावा." मला तेव्हा त्याचं पटलं होतं, खरं सांगतो.

सिनेमा सुरू झाला. पहिला संवाद क्रेओलमध्ये आला तेव्हा मागून कोणीतरी मोठ्याने तोच संवाद परत म्हटला आणि सगळे हसले. जोक नव्हता तो. आपल्या बोलण्यातलं वाक्य एवढ्या मोठ्या आवाजात स्पीकरमधून आलं, याचंच हसू.

आणि चाळीसाव्या मिनिटाला अंधार. कोणीतरी चहासाठी पाण्याची इलेक्ट्रिक किटली आमच्याच एक्स्टेन्शनला लावली होती. २,००० वॉट! जनरेटरने मान टाकली.

मला वाटलं, लोक उठून जाणार. मी टॉर्च तोंडात धरून वायरी शोधत होतो. तेवढ्यात अंधारातून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला. तो बोलायला लागला आणि सगळे गप्प झाले. मित्र माझ्या कानात हळूच इंग्रजीत सांगत होता. तो माणूस म्हणत होता, "सिनेमात भोंगा नीट दाखवला नाही. आपला भोंगा याहून मोठा होता. बंद झाला तेव्हा कितीतरी महिने गाव उशिरा उठायचं."

लगेच एक बाई म्हणाली, "तू तर भोंगा असतानाही उशिराच उठायचास!" सगळं मैदान हसलं. मग दुसऱ्याने सांगितलं, शेवटच्या दिवशी आतली यंत्रं पुसून ठेवली होती, उद्या परत चालू होणार असल्यासारखी. कोणी सांगितलं, जाताना पैसे आणि जमिनीचा छोटा तुकडा मिळाला, तुकड्यावर घर झालं, पण पोरगा परदेशी जहाजावर नोकरीला गेला. अंधारात बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही ना, म्हणून बहुतेक माणसं जास्त बोलतात.

मी किटली काढली, जनरेटर चालू केला, प्रोजेक्टर गरम झाला. प्ले दाबणार, तेवढ्यात आजीने शालीतून हात वर केला आणि म्हणाली, "आतान!"

क्रेओलमध्ये 'आतान' म्हणजे थांब. बोलणाऱ्याचं पुरं होऊ दे.

मी थांबलो. पडद्यावर एक फ्रेम गोठलेली, आणि समोर माणसं बोलतायत. आमच्या कामात सिस्टिम बंद पडली की प्रत्येक मिनिट तोट्यात मोजतात. त्या रात्री तो हिशोब मला लागूच होईना. बोलणारा थांबला, आजीने मान हलवली, मग मी प्ले दाबलं. सिनेमा संपल्यावरही लोक तासभर मैदानातच होते. कॉमेडी लावा म्हणणारा मित्र खुर्च्या गोळा करायच्या सोडून त्यांच्यात जाऊन बसला होता.

आता सांगा, हाच सिनेमा त्यांनी फोनवर एकेकट्याने बघितला असता तर? सिनेमा तोच राहिला असता. पण तो भोंगा कोणाला ऐकू आला नसता.

[१५:१०] आणि आमच्याकडे

मी साखरपट्ट्यातला आहे, हे आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना माहीत आहे. आमच्या तालुक्यातला कारखाना मी नववीत असताना बंद पडला. माझे वडील तिथे वजनकाट्यावर क्लार्क होते. कितीतरी महिन्यांचा पगार थकला, तो थकलाच. त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. अण्णांनी किराणा दुकान टाकलं, मला बी.टेक. केलं, विषय संपला.

त्या रात्री रूमवर आलो आणि अण्णांना फोन केला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती, इकडेही उशीरच झालेला. सगळं सांगितलं. सिनेमा, भोंगा, किटली. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांचे पगार थकले होते का रे?"

मी म्हटलं, "काहींना पैसे आणि जागा मिळाली म्हणतात, अण्णा."

"आणि हे सगळं गावात, सगळ्यांसमोर बोलले?"

"हो. अंधारात."

परत थोडा वेळ शांतता. मग एकच वाक्य. "आपल्याकडे लावशील का?"

मंडळी, या भागामागचं कारण हेच आहे. सध्या माझं काम चालू आहे. निर्मात्यांना परवानगीसाठी ईमेल केलाय. परवानगी आली तर मराठी सबटायटल करायची आहेत. सबटायटलची एसआरटी फाईल म्हणजे नुसती टेक्स्ट फाईल, नोटपॅडमध्येही उघडते. वेळ आणि त्याखाली वाक्य. अवघड आहे ते वाक्य लहान ठेवणं, कारण एका ओळीत चाळीसेक अक्षरांच्या वर गेलं की वाचेपर्यंत सीन निघून जातो. अण्णांच्या वयाच्या लोकांसाठी मी अजून कमी ठेवणार आहे. कारखान्याच्या गेटसमोर मोकळी जागा आहे, आणि गोडाऊनची भिंत वाऱ्याला आडवी येते. बघून ठेवलंय.

तोपर्यंत तुम्हाला बघायला चार नावं देतो. डेव्हिड कॉन्स्टंटिन यांचा 'लोंब्राझ कान' आणि त्यांचाच २०२२ चा 'सिमें झेतवाल'. मार्टिनिक बेटावरच्या युझान पाल्सी यांचा १९८३ चा 'शुगर केन अ‍ॅली', तिथेही ऊसच आहे. आणि पॅसिफिकमधल्या नऊ बाई दिग्दर्शकांनी मिळून केलेला २०१९ चा 'वाई'. शक्य असेल तर एकटे बघू नका. दोघं-चौघं बोलवा, पडदा छोटा लावा, मोकळे सॉकेट चिकटपट्टीने झाका.

आणि मध्येच लाईट गेलीच, तर लगेच धावपळ करू नका. थोडं थांबा, कोणी बोलतंय का बघा.

तुमच्या गावातही बंद कारखाना, बंद गिरणी, बंद थिएटर असेल आणि त्याच्यावर बोलणारं कोणी असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. आवाज साधा असला तरी चालेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!